निवृत्त सुभेदाराने साताऱ्यातून अपक्ष लोकसभा लढवावी का?

सुभेदार साहेब, नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचकांसाठी तो थोडक्यात सांगतो. तुम्ही मराठा लाईट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं काढलीत आणि दोन वर्षांपूर्वी सुभेदार म्हणून निवृत्त झालात. गाव खटाव तालुक्यात वडूजजवळ, सासुरवाडी कोरेगाव तालुक्यात, थोरला भाऊ साताऱ्यात. माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात लोकांनी तुमचं नाव पुढे केलं, गावानेही पारावर बसून पाठिंब्याचा शब्द दिला. सातारा लोकसभा अपक्ष लढवायचा विचार आहे. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळालेले) पैसे अजून शिल्लक आहेत, कमी पडले तर दीड एकर विकायची तयारी आहे. तुम्ही विचारता की कायद्याने हे जमतं का, पेन्शनवर परिणाम होईल का, गणवेशातला फोटो बॅनरवर चालेल का आणि खर्च किती येईल.

मी कराडला वकिली करतो. १९९९ पासून जवळपास प्रत्येक निवडणुकीत कुणाचा ना कुणाचा अर्ज भरणं, छाननीला उभं राहणं आणि नंतर खर्चाचा हिशेब लावून देणं हे काम केलं आहे. त्यात मोठ्या पक्षांचे उमेदवार होते, अपक्ष होते आणि फौजेतून आलेले चार-पाच जणही होते. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. अवघड प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. गावाने तुम्हाला दिलेला मान खरा आहे, पण तो वाई, पाटण, कराडच्या बूथवर मत होऊन पडेल का, आणि तसा पडावा यासाठी काय लागतं? आधी सोपं उरकून घेऊ.

कायद्याने जमतं. पंचवीस वर्षं पूर्ण असलेला आणि देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला नागरिक सर्वसाधारण जागेवर उभा राहू शकतो. निवृत्तीनंतर अमुक वर्षं थांबा असा कायदा नाही. पेन्शन बंद होत नाही. ती केलेल्या सेवेची आहे, आणि पेन्शन घेणं म्हणजे सरकारचं लाभाचं पद भूषवणं नव्हे.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट नीट पाहायला हवी. वडूजचा भाग माण विधानसभेत आहे आणि माण, फलटण हे दोन्ही मतदारसंघ लोकसभेला माढ्यात जातात. सातारा लोकसभेत वाई, कोरेगाव, कऱ्हाड उत्तर, कऱ्हाड दक्षिण, पाटण आणि सातारा असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. खटाव तालुक्याचा काही भाग कोरेगाव विधानसभेत असल्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांचे खासदार वेगळे असतात. तुमचं मत माढ्यात असलं तरी तुम्ही साताऱ्यातून उभे राहू शकता, मात्र अर्जासोबत तुमच्या मतदार यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. साधी झेरॉक्स चालत नाही.

आणि सूचक, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणारे मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते दहाही जण ज्या मतदारसंघातून लढायचं तिथलेच मतदार असावे लागतात. तुमच्या गावातल्या, शब्द दिलेल्या एकाही माणसाची सही इथे उपयोगाची नाही. दहा वर्षांमागे एका निवृत्त अधिकाऱ्याचा अर्ज माझ्या डोळ्यांदेखत छाननीत बाद झाला. दहापैकी दोघांची नावं शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघाली. माणूस सज्जन होता, तयारी चांगली होती, पण सह्या भावकीतून घेतल्या आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक कुणी ताडून पाहिलाच नाही. म्हणून मी एका अर्जामागे दहाच्या जागी चौदा-पंधरा माणसं हाताशी ठेवायला सांगतो आणि एकाच उमेदवाराचे चार अर्ज भरता येतात त्याचा फायदा घेतो. प्रत्येक अर्जावर वेगळे दहा सूचक घेतले तर एक बुडाला तरी दुसरा तरतो. सूचकांत कुणी अंगठा करणारं असेल तर तो अंगठा अधिकाऱ्यासमोर व्हावा लागतो, घरून उठवून आणलेला चालत नाही.

आता फौजेतून आलेल्यांच्याच वाट्याला येणाऱ्या कागदांबद्दल. प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला होता का असं विचारतात. राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची थकबाकी नाही असा दाखला लागतो. तुम्ही दोन वर्षांपूर्वीपर्यंत फॅमिली क्वार्टरमध्ये होतात. क्वार्टर सोडताना मिळालेली क्लिअरन्सची कागदं आजच शोधून ठेवा. नसतील तर त्या स्टेशनला लिहायला सुरुवात करा. अर्ज भरायला मिळतात जेमतेम सात-आठ दिवस, आणि तेवढ्यात पठाणकोट किंवा जोधपूरहून कागद येत नाही.

दुसरं, निवृत्तीनंतर कुठे नोकरी धरली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बरेच जण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये परत भरती होतात, सरकारी बँकेत गार्ड म्हणून लागतात किंवा एखाद्या शासकीय खात्यात माजी सैनिकांच्या कोट्यातून जातात. तसं असेल तर आधी राजीनामा द्या, आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात येऊ द्या. नुसता राजीनामा दिलाय असं सांगून छाननीत भागत नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला लागू नाही, पण हा धागा इतर फौजीही वाचतील म्हणून लिहितो. सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्या माणसाला त्यानंतरच्या पाच वर्षांत उभं राहायचं असेल तर ती बडतर्फी भ्रष्टाचार किंवा देशाशी बेइमानी यासाठी नव्हती, असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत लागतं. २०१९ मध्ये वाराणसीत सीमा सुरक्षा दलाचे बडतर्फ जवान तेज बहादूर यादव यांचा अर्ज याच कारणावरून फेटाळला गेला. पुढे ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी निकाल बदलला नाही. तुम्ही सेवा पूर्ण करून सन्मानाने आलात, तुम्हाला हे लागत नाही. तरी डिस्चार्ज बुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत फाईलमध्ये असू द्या.

आता गणवेशाचा प्रश्न. यावर थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे कायदाही आहे आणि मनाचा भागही आहे.

मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो असतो. तो साध्या कपड्यांतला लागतो, गणवेशातला फोटो आयोग घेतच नाही. प्रचाराच्या साहित्यात संरक्षण दलांच्या जवानांचे किंवा लष्करी कार्यक्रमांचे फोटो वापरू नयेत असं आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं आणि बालाकोटनंतर, मार्च २०१९ मध्ये, पुन्हा बजावलं. तुम्ही म्हणाल फोटो माझा स्वतःचा आहे. खरं आहे, पण त्या फोटोत तुम्ही सेवेतले जवान आहात, शेजारी तुमची तुकडी आहे, मागे रेजिमेंटचं चिन्ह आहे. तक्रार झाली तर नोटीस येईल, आणि प्रचाराच्या पंधरा दिवसांतले दोन दिवस खुलासे लिहिण्यात जातील. नावाआधी ‘सुभेदार’ आणि नावानंतर कंसात ‘निवृत्त’ एवढं लिहा. तेवढं पुरतं. आपल्याकडे गावात हवालदारालाही मेजर म्हणतात, तुम्हाला ओळखायला कुणाला फोटोतला पट्टा लागत नाही.

माझं स्वतःचं मत याहून कडक आहे. सातारा तालुक्यातलं अपशिंगे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले आणि गावाच्या नावामागे कायमचं ‘मिलिटरी’ लागलं. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात गेले. केडंब्याचे तुकाराम ओंबळे आधी फौजेत होते, मग पोलिसात गेले आणि २६/११ च्या रात्री कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवून गेले. या जिल्ह्यात गणवेशाला जो मान आहे तो अशा माणसांनी मिळवला आहे. त्या मानावर मत मागायचा हक्क कुणा एका उमेदवाराला नाही, मग तो स्वतः फौजी का असेना. तुम्ही स्वतः काय केलंत आणि काय करणार, एवढ्यावर मागा. याचा एक व्यवहारी फायदाही आहे. समोरच्या उमेदवाराच्या घरातही कुणीतरी फौजेत असतंच, आणि तुम्ही देशभक्तीवर मत मागितलं की त्या घराला वाटतं आपल्या देशभक्तीवर शंका घेतली.

याला लागूनच एक इशारा, आणि तो गांभीर्याने घ्या. लोकसभेचं मतदान आपल्याकडे चैत्र-वैशाखात येतं. २०२४ ला सातारा-सांगलीत ७ मे रोजी झालं. हाच यात्रांचा हंगाम, आणि यात्रेला सुट्टी काढून आलेले सेवेतले जवान गावोगाव असतात. त्यांना तुमच्यासाठी फिरावंसं वाटेल. फिरू देऊ नका. सैन्यदलातल्या सेवेतल्या माणसाची निवडणुकीत मदत घेणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो, आणि निवडून आल्यावरही त्यावरून निवड रद्द होऊ शकते. त्या पोराची नोकरी जाईल ती वेगळीच, कारण आर्मी रूल्सप्रमाणे त्याला राजकीय कामात भाग घेता येत नाही. कॅन्टीनची रांग, इसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना, सैनिक कल्याण कार्यालय इथे पत्रकं वाटू नका. माजी सैनिक मात्र पूर्ण मोकळे आहेत, पोलिंग एजंट म्हणून खुशाल बसवा.

आता अवघड भाग.

सातारा लोकसभेत २०२४ ला मतदार जवळपास १९ लाख होते आणि मतदान केंद्रं दोन हजारांवर. अनामत २५ हजार रुपये आहे. ती परत मिळायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. मागच्या वेळी वैध मतं बारा लाखांच्या आसपास होती, म्हणजे नुसती अनामत वाचवायला दोन लाख मतं हवीत. खटाव-माणच्या फौजी घरांवर तुमची मदार आहे, पण ती घरं बहुतांशी या मतदारसंघात नाहीतच. सेवेतले जवान टपाली मतदान करतात, आणि इतक्या मोठ्या आकड्यात ती मतं थोडी ठरतात.

दोन हजार बूथ म्हणजे काय, हे फौजी माणसाला मी वेगळं सांगायला नको. एका बूथला एक एजंट आणि त्याला सोडवायला दुसरा धरला तर चार हजार माणसं होतात. ती शिरवळपासून मालखेडपर्यंत पसरलेली, काही महाबळेश्वरच्या मागच्या डोंगरात, काही कोयनेच्या पाण्यापलीकडे. पक्षांकडे ही माणसं आधीपासून असतात. साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद ठेवणारा माणूस, आठवड्यातून दोनदा शेतकऱ्याच्या बांधावर जातो. विकास सोसायटीचा सचिव, दूध संकलन केंद्रावरचा पोरगा, पतसंस्थेचा वसुली अधिकारी, संस्थेच्या शाळेतले मास्तर, या सगळ्यांची घराघरात रोजची ये-जा असते. आपल्या भागात मत याच वाटांनी फिरतं. ढेबेवाडी खोऱ्यातलं आणि जावळीतलं निम्मं घर मुंबईत माथाडी किंवा मार्केटमध्ये कामाला असतं, मतदानाच्या आदल्या रात्री ते गावी येतं की नाही यावर तिथला निकाल हलतो. त्यांना गाड्या करून आणायचा मोह होईल. मतदारांना फुकट वाहनाने केंद्रावर नेणं हाही भ्रष्ट आचारच आहे, हे लक्षात असू द्या.

फौजेतल्या मोठ्या माणसांचं काय झालं ते पाहा. पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा, ज्यांनी सूत्रं हाती घेतली त्या १५ जानेवारीला आपण लष्कर दिन पाळतो, ते १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग २०१७ मध्ये पतियाळाच्या विधानसभेला अनामतही वाचवू शकले नाहीत, आणि तिथे त्यांना हरवणारे अमरिंदर सिंग हेही लष्करातले कॅप्टनच. जिंकलेलेही पुष्कळ आहेत. मेजर जनरल खंडुरी गढवालमधून, जनरल व्ही. के. सिंग गाझियाबादमधून, कर्नल राज्यवर्धन राठोड जयपूर ग्रामीणमधून. आपल्या राज्यात ब्रिगेडियर सुधीर सावंत १९९१ मध्ये राजापूरमधून खासदार झाले. यातल्या प्रत्येकामागे मोठा पक्ष होता. हुद्द्याने ओळख झाली, मतदाराला केंद्रावर आणलं ते पक्षाच्या माणसांनी.

तुम्ही म्हणाल, सांगलीत २०२४ ला अपक्षच आला की. आला, आणि एक लाखाच्या फरकाने आला. पण विशाल पाटील हे वसंतदादांचे नातू. अपक्ष हा शब्द अर्जावर होता, जमिनीवर तीन पिढ्यांची माणसं होती. त्याच निवडणुकीत डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील एका पक्षाचं चिन्ह घेऊन उभे होते. त्यांना ओळखत नाही असा माणूस जिल्ह्यात नव्हता, तालमी-तालमींत त्यांना मान होता, तरी ते फार मागे राहिले. कुस्तीच्या मैदानात टाळ्या वाजवणारा आणि बूथवर बटण दाबणारा माणूस एकच असतो, पण बटण दाबताना तो वेगळा विचार करतो. तुमच्या मेळाव्यातलेही तसेच. ते तुमच्याशी खोटं बोललेले नाहीत.

साताऱ्याचंच उदाहरण घ्यायचं तर यशवंतराव चव्हाण. ते १९६२ च्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झाले, आणि १९६७ पासून १९८४ मध्ये निधन होईपर्यंत इथले खासदार होते. त्यांच्या पाठीशी दिल्लीतला मोठेपणा होताच, पण त्याआधी तीस-पस्तीस वर्षं या जिल्ह्याच्या गावागावात केलेलं काम होतं. १९३० च्या दशकात तुरुंगात गेलेला पोरगा १९४६ मध्ये आमदार झाला, मग बाकीचं सगळं.

चिन्हाबद्दलही सांगायला हवं, कारण अपक्षाचं तिथेच फार नुकसान होतं. अर्जात मुक्त चिन्हांतली तीन पसंतीक्रमाने लिहायची असतात, आणि कुठलं मिळालं ते अर्ज माघारीनंतर कळतं. त्यानंतर मतदानाला साधारण दोन आठवडे उरतात. तेवढ्यात एकोणीस लाख लोकांना चिन्ह माहीत करून द्यायचं. चिन्हाची ताकद किती, हे २०२४ ला साताऱ्याने पाहिलं. उदयनराजे भोसले ३२ हजार ७७१ मतांनी निवडून आले आणि ‘तुतारी’ हे मुक्त चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७ हजारांच्या वर मतं पडली, जेव्हा मुख्य लढतीतल्या शशिकांत शिंदे यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं. तुमच्याही वाट्याला अशी मतं येऊ शकतात किंवा तुमची दुसरीकडे जाऊ शकतात, आणि त्यावर तुमचा काहीच ताबा नसतो.

पैशाचं बोलू. लोकसभेची खर्चमर्यादा ९५ लाख आहे. तुम्हाला तेवढे लागणार नाहीत आणि तुमच्याकडे तेवढे नाहीतही. पण प्रचाराची गाडी, डिझेल, माणसांचं जेवण, पत्रकं आणि मंडप यात दहा-पंधरा लाख रुपये कसे गेले ते कळत नाही, आणि एवढ्यात सहापैकी दोन विधानसभा मतदारसंघसुद्धा धड फिरून होत नाहीत. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं, सगळा खर्च त्यातून. एका माणसाला किंवा दुकानदाराला पूर्ण निवडणुकीत दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. चहापासून खुर्चीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात. तुम्हाला मंडपवाल्याने ओळखीतून फुकट दिला तरी त्या दराने खर्च तुमच्या नावावर पडतो. निकालापासून तीस दिवसांत हिशेब द्यायचा.

हा हिशेब मी मुद्दाम सांगतोय. एक निवृत्त हवालदार, माणूस सोन्यासारखा, विधानसभेला अपक्ष उभा राहिला होता. माझ्याकडे आला तो निकालानंतर पाच-सहा महिन्यांनी, हातात आयोगाची नोटीस घेऊन. पडलो म्हणजे विषय संपला असं वाटून त्याने हिशेब दिलाच नव्हता. हिशेब न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. बिलं जमवायला बसलो तेव्हा कळलं की बायकोचे दागिने पतसंस्थेत तारण होते आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम गाड्यांच्या भाड्यात गेली होती. ज्यांनी उभं केलं ते लोक भेटतच नव्हते. तो मला म्हणाला, “वकील साहेब, फौजेत मागं वळून बघितलं तर सेक्शन असायचं.” सेक्शन म्हणजे आपली छोटी तुकडी. त्याचा आवाज आजही कानात आहे. म्हणून तुमच्या दीड एकराबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे. जमीन विकायची नाही. कम्युटेशनच्या पैशाला हात लावायचा नाही. पेन्शनमधून घरखर्च भागवून जे उरेल आणि लोक स्वतःहून बँकेतून देतील तेवढ्यावर लढता येत असेल तर लढायचं.

हे सगळं वाचून मी तुम्हाला नको म्हणतोय असं वाटेल. तसं नाही. लोकसभेत ५४३ माणसं बसतात आणि त्यांतली थोडकीच खंदकात राहिलेली असतात. अग्निपथसारखी चार वर्षांची भरती आली, ज्यात चौघांतल्या एकालाच पुढे ठेवतात, तेव्हा उरलेल्या तिघांच्या घरी काय होतं हे सभागृहात सांगायला तुमच्यासारखा जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) हवा. वन रँक वन पेन्शनच्या हिशेबात शिपाई आणि हवालदाराला काय मिळालं, फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर हयातीचा दाखला अडकला की म्हाताऱ्या विधवेला किती चकरा पडतात, हे तुम्हाला फाईल न वाचता माहीत आहे. आजवर फौजेतून संसदेत गेलेल्यांत मोठी नावं बहुतेक अधिकाऱ्यांची आहेत. सुभेदाराने तिथे जाण्याला म्हणूनच वेगळा अर्थ आहे, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

फक्त ज्या कारणासाठी जायचं ते काम खासदाराचं आहे का, एवढं तपासून घ्या. तुमच्या प्रश्नात तुम्ही पाणंद रस्ते, गावचं पाणी, शाळेची खोली लिहिलंय. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. दोन हजार बूथांच्या मतदारसंघात तो वाटून किती येतो ते तुम्हीच मोजा. ती कामं ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि आमदार यांची आहेत. ती मनात असतील तर तुमच्या पंचायत समितीच्या गणातून सुरुवात करा. तिथे तुमचं गाव, भावकी, पाहुणे हे सगळं तुमच्या बाजूने मोजता येतं आणि खर्चही पेलतो. पेन्शन, भरती, संरक्षणाच्या धोरणावर बोलायचं असेल तर लोकसभाच.

लोकसभाच असेल, तर परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी मान्य करू. एखाद्या मोठ्या पक्षाने तिकीट दिलं तर वरचं निम्मं गणित बदलतं. जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना झाली तर सीमा बदलतील, महिला आरक्षण लागू झालं तर जागाच राखीव होऊ शकते. यातलं तुमच्या हातात काही नाही. हातात आहे ती वेळ. वेळापत्रकाप्रमाणे पुढची लोकसभा २०२९ ला आहे.

तुमच्या जागी मी असतो तर कोरेगाव विधानसभेपासून सुरू केलं असतं, कारण तिथे सासुरवाडी आहे आणि खटावच्या काही गावांची ओळखही तिथे चालते. मतदार याद्या मिळतात, त्या भागवार छापून घ्या. प्रत्येक यादी भागात एक माजी सैनिक शोधा, हजर राहणारा, रोज चार घरांत जाणारा. हुद्दा बघू नका. आठवड्यातून एक दिवस एका गावी बसा आणि फौजी घरांची पेन्शनची, इसीएचएसची, वारस नोंदीची कामं हाताने करून द्या. वर्षभरात कुठल्या बूथवर तुमचा माणूस आहे आणि कुठे नाही, हे नकाशावर स्वच्छ दिसेल. फौजेत तुम्ही जागा बघितल्याशिवाय तुकडी हलवली नसेल, इथेही तसंच करा. सहाही विधानसभांत निम्म्या बूथवर माणूस उभा राहिला तर २०२९ ला अर्ज भरा, तुमची कागदपत्रं मी स्वतः बघेन, फी घेणार नाही. तेवढी माणसं उभी राहिली नाहीत, तर तुमचे पैसे आणि जमीन तरी जागेवर असतील, आणि केलेली कामं वाया जात नाहीत.

एक शेवटची गोष्ट. प्रतिज्ञापत्रात तुमच्यासोबत वहिनींचीही सगळी मालमत्ता लिहावी लागते. तोळे, ठेवी, त्यांच्या नावची जमीन, कर्ज, सगळं. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहायचं. ते प्रतिज्ञापत्र कचेरीच्या फलकावर लागतं, आयोगाच्या संकेतस्थळावर जातं आणि कुणालाही वाचता येतं. वहिनींना हे सांगितलंय का, ते तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. नमुना २६ ची कोरी प्रत काढा आणि या रविवारी दोघांनी बसून पेन्सिलने भरून पाहा. शेवटच्या पानापर्यंत पोहोचल्यावर वहिनी काय म्हणतात ते मला कळवा, मग पुढचं बोलू.